छत्रीमागचा आरोग्यमंत्री

नेव्हिल चेंबरलेन म्हटले की आपल्याला आठवते ती त्यांची छत्री, आणि १९३८ साली म्युनिकहून परतल्यावर विमानतळावर उंचावून दाखवलेला तो कागद. हिटलरच्या शब्दावर विसंबलेला पंतप्रधान, एवढीच त्यांची ओळख इतिहासाने शिल्लक ठेवली. ती खोटी नाही. पण उभी नोकरी बँकेत आकडेमोड करण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला एकाच नोंदीवरून खाते बंद करणे पटत नाही. म्हणून आज त्यांच्या खतावणीची मागची पाने उलटू या.

जन्म १८६९ चा, बर्मिंगहॅमचा. नेव्हिल सहा वर्षांचे व्हायच्या आतच आई बाळंतपणात गेली. वडील जोसेफ चेंबरलेन म्हणजे ब्रिटिश राजकारणातले बडे प्रस्थ. राजकारणाचा वारसा त्यांनी थोरल्या ऑस्टिनसाठी राखला आणि नेव्हिलला व्यापारात घातले. बहामातल्या अँड्रॉस बेटावर घायपाताची लागवड करून वाख काढायचा, असा बेत होता. बाविशीतला हा तरुण सहा वर्षे तिथे उन्हातान्हात राबला. पण जमिनीतच कस नव्हता. १८९७ साली वडिलांचे सुमारे ५० हजार पौंड बुडवून ते घरी परतले. पुढे जहाजांच्या केबिनमध्ये बसवायच्या धातूच्या बर्थ बनवणारी हॉस्किन्स कंपनी त्यांनी सतरा वर्षे नेटाने चालवली.

याच काळात ते नगरपालिकेत निवडून आले आणि १९१५ साली महापौर झाले. १९१६ मध्ये त्यांनी पालिकेची बचत बँक उघडली. कामगाराने पगारातले चार पैसे बाजूला टाकावेत, अडीअडचणीला ते त्याच्या हाती यावेत, हा त्यामागचा विचार. मला ते आपलेसे वाटतात ते इथे.

लोकसभेत गेले ते वयाच्या ४९ व्या वर्षी. १९२३ मध्ये काही महिने आरोग्यखाते सांभाळले. १९२४ साली पंतप्रधान बाल्डविन अर्थखाते द्यायला तयार होते, तरी त्यांनी आरोग्यच मागून घेतले. अर्थखाते गेले चर्चिलकडे. खात्यात आल्याआल्याच त्यांनी मंत्रिमंडळापुढे २५ विधेयकांची यादी ठेवली, आणि १९२९ पर्यंत त्यांतली २१ मंजूर करून घेतली. कारखानदाराने वर्षभराच्या ऑर्डरी लावाव्यात, तशी.

१९२५ च्या कायद्याने कामगार, मालक आणि सरकार अशा तिघांच्या वर्गणीतून विधवांना आठवड्याला दहा शिलिंग, शिवाय मुलांसाठी वेगळी रक्कम मिळू लागली. १९२६ मध्ये सुईणी आणि प्रसूतिगृहांवर देखरेखीचा कायदा आला. १९२८ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंची कारणे शोधायला त्यांनी समिती नेमली. त्यांच्या आईची गोष्ट ठाऊक असलेला वाचक इथे क्षणभर थांबतो.

जमाखर्चाच्या शिस्तीला दुसरी बाजूही होती. गरिबांना मदत वाटणाऱ्या, लोकांनी निवडलेल्या काही स्थानिक मंडळांचे कर्ज वाढले, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी कायदा करून ती बाजूला सारली आणि सरकारी माणसे नेमली. मदतीला कात्री लागली. तो खाणकामगारांच्या टाळेबंदीचा काळ होता. वही जुळली, पण अनेक घरांतली ताटे रिकामी झाली. कामगार वस्त्यांनी ते विसरू नये, यात नवल नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम १९२९ चे. शंभर वर्षे जुनी होत आलेली ती मदतमंडळे सगळीच रद्द करून त्यांची रुग्णालये जिल्हा आणि शहरांच्या परिषदांकडे सोपवायचा कायदा त्यांनी केला. दरिद्रालयाचा शिक्का न बसता गरिबाला दवाखान्यात जाता यावे, याची वाट त्यातून मोकळी झाली. १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ताब्यात आलेल्या खाटांत या रुग्णालयांच्या खाटा होत्या.

ते पाहायला चेंबरलेन नव्हते. मे १९४० मध्ये पंतप्रधानपद गेले आणि त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कर्करोगाने त्यांना नेले. म्युनिकची नोंद त्यांच्या नावे राहीलच, राहायलाही हवी. मात्र दर आठवड्याला पोस्टाच्या खिडकीवर दहा शिलिंग मोजून घेणारी विधवाही त्याच खात्यात जमेच्या बाजूला उभी आहे. हिशेब करताना तिला वगळू नये, एवढेच.