फील्ड मार्शल विल्यम स्लिम : पराभवाचा हिशेब

सेनानींची चरित्रे बहुधा विजयांच्या क्रमाने लिहिली जातात. विल्यम जोसेफ स्लिम यांचे चरित्र मात्र त्यांच्या पराभवांपासून वाचणे सोयीचे ठरते.

स्लिम यांचा जन्म ६ ऑगस्ट १८९१ रोजी ब्रिस्टल येथे झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार बसल्यामुळे मुलाला लष्करी अकादमीत पाठविणे घराला परवडणारे नव्हते. बर्मिंगहॅममध्ये त्यांनी प्राथमिक शाळेत शिकविले, पुढे धातूच्या नळ्या बनविणाऱ्या कंपनीत कारकुनी केली. विद्यापीठाचे विद्यार्थी नसतानाही तेथील अधिकारी-प्रशिक्षण पथकात त्यांनी शिरकाव करून घेतला आणि १९१४ साली महायुद्ध सुरू होताच ते अधिकारी झाले. गॅलिपोलीच्या आघाडीवर १९१५ मध्ये ते गंभीर जखमी झाले. तेथे शेजारी लढणाऱ्या गुरखा पलटणीचा त्यांच्या मनावर जो ठसा उमटला, तो कायमचा. मेसोपोटेमियात ते पुन्हा जखमी झाले. युद्धानंतर भारतीय सैन्यात बदली घेऊन ते गुरखा रायफल्समध्ये दाखल झाले. पगार अपुरा पडे म्हणून ‘अँथनी मिल्स’ या टोपणनावाने ते नियतकालिकांत कथा लिहीत. त्यांच्या पुढील लेखनातील साधेपणाचा उगम कदाचित येथे शोधता येईल.

दुसऱ्या महायुद्धातील त्यांची पहिली स्वतंत्र लढाई फसली. नोव्हेंबर १९४० मध्ये सुदानच्या सीमेवरील गल्लाबाट त्यांच्या ब्रिगेडने जिंकले, पण टिकविता आले नाही. पुन्हा हल्ला करण्याऐवजी आपण सावध पर्याय निवडला, हा दोष त्यांनी पुढे स्वतःकडेच घेतला. त्यानंतर इराक, सीरिया, इराण येथील मोहिमा झाल्या आणि मार्च १९४२ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात पाठविण्यात आले. तेथे वाट्याला आली ती माघार. सुमारे ९०० मैलांची वाट तुडवून, मेच्या पावसात, थकलेले सैन्य इंफाळच्या बाजूस पोहोचले. मात्र पलटणी मोडल्या नव्हत्या आणि हातात शस्त्रे होती.

ऑक्टोबर १९४३ मध्ये चौदाव्या सेनेची सूत्रे हाती आली तेव्हा शत्रूइतकाच घातक होता तो हिवताप. जखमी होऊन मागे येणाऱ्या एका सैनिकामागे १२० जण आजारी होऊन येत. रोज मेपाक्रिनची गोळी घेणे सक्तीचे होते, पण सैनिक ती टाळत. स्लिम यांनी अचानक तपासण्या सुरू केल्या. ज्या पलटणीत ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांनी गोळी घेतल्याचे आढळे, तिच्या प्रमुखाला पदावरून दूर केले जाई. तिघांना काढल्यावर उरलेल्यांना अर्थ समजला. विमानातून रसद टाकण्यासाठी रेशमी हवाई छत्र्या मिळेनात, तेव्हा कलकत्त्यात तागाच्या छत्र्या बनवून घेतल्या. आघाडीवर शिधा निम्मा झाला की मुख्यालयातही तो निम्माच मिळे. या सेनेत भारतीय सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांच्याशी स्लिम उर्दूत बोलत, गुरख्यांशी गुरखालीत. भाषाभ्यासकाला हे नोंदवावेसे वाटते. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या सेनापतीचा शब्द जवानापर्यंत पोहोचेतो बराचसा निवतो.

मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमावर चालून आले. त्याला इंफाळच्या मैदानाकडे ओढून घ्यायचे, म्हणजे त्याची रसद लांबेल, ही स्लिम यांची योजना अचूक होती. अंदाज मात्र दोनदा चुकले. पुढच्या डिव्हिजनला मागे घेण्यास उशीर झाला आणि कोहिमावर अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठे सैन्य आले. मिळालेला वेळ मोलाचा ठरला. तो मिळवून देणाऱ्यांत सांगशाकच्या टेकडीवर पॅराशूट ब्रिगेडसह लढलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. जुलैपर्यंत जपानी सैन्याची मोहीम पूर्ण कोसळली. पुढच्या वर्षी मंडालेकडे जात असल्याचा देखावा करून स्लिम यांनी एक संपूर्ण कोअर गुप्तपणे दक्षिणेकडे वळविली, इरावती ओलांडली आणि मेइकटिला घेतले. मेमध्ये रंगून मुक्त झाले.

पुढे १९४८ साली ब्रिटिश सैन्याच्या सर्वोच्च पदासाठी मावळते प्रमुख माँटगोमेरी यांच्या मनात दुसरेच नाव होते. पंतप्रधान अॅटली यांनी स्लिम यांना निवडले. भारतीय सैन्यातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले अधिकारी. १९५३ ते १९६० या काळात ते ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर जनरल होते. तेथे असतानाच, १९५६ साली, ब्रह्मदेशाच्या मोहिमेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शीर्षकातच पराभव आधी येतो, विजय नंतर. कोहिमाच्या बाबतीत झालेली चूक त्यांनी त्यात कोणावर ढकललेली नाही. १४ डिसेंबर १९७० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.