राजाच्या नावाचं घर

मैत्रिणींनो, आपल्या धुळे-जळगावकडच्या जुन्या घरांत माळ्यावर काय काय पडलेलं असतं! पितळी समई, आजेसासऱ्यांची मुठीची काठी, गंजलेला अडकित्ता. दिवाळीच्या साफसफाईत ते मोडीत घालायला निघाला असाल, तर आधी दिनकर गंगाधर केळकरांची गोष्ट वाचा.

केळकरांचा जन्म १८९६ चा. पुण्यात चष्म्यांचं दुकान होतं आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. तलवारी काय, कोणीही जमवेल हो. यांनी जमवले दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, पाय घासायच्या वज्र्या, लेकरांची खेळणी. म्हणजे आपल्याच घरातलं सामान! त्यासाठी गावोगाव हिंडले, पदरचा पैसा घातला. सोबतीला पत्नी कमलाबाई होत्या. मला वाटतं, कोणाच्या फडताळात काय दडलंय हे बाईलाच आधी कळत असणार.

त्यांचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला. आईबापांनी संग्रहालयाला त्याचंच नाव दिलं. वस्तू वाढत वाढत वीस हजारांपर्यंत गेल्या. कोथरूडचा मस्तानी महालसुद्धा तिथे आणून पुन्हा उभा केला. आयुष्यभर जमवलेलं हे सगळं केळकरांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केलं. किंमत लावून विकलं असतं तर? पण राजाच्या नावाची वस्तू विकायची कशी! १९९० मध्ये केळकर गेले.

आता आपल्या माळ्यावरची ती काठी. जुनी आहे का, हे हात लावून बघा. रोज वापरलेल्या काठीची मूठ पंजा बसतो तिथेच गुळगुळीत झिजते, टोकाची शेंबी एका बाजूने घासलेली असते. सगळीकडून सारखीच जुनी दिसणारी काठी बहुतेक मुद्दाम जुनी केलेली. मूठ फिरवून ओढल्यावर आत पातं निघालं तर ती गुप्ती. पोरांच्या हाती देऊ नका. आणि चिंच लावून, पॉलिश मारून चकाचक तर अजिबात करू नका, खुणा पुसल्या जातात. काठी कोणाची, कुठून आली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहा आणि तो कागद दोऱ्याने काठीलाच बांधून ठेवा.