आयबीएम दारात आली तेव्हा गॅरी किल्डॉल खरंच विमान उडवत होते का?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हटलं की बिल गेट्स यांचं नाव आधी येतं. पण त्यांच्या एमएस-डॉसच्या आधी छोट्या कॉम्प्युटरवर राज्य होतं ते एका प्राध्यापकाच्या सॉफ्टवेअरचं. हे प्राध्यापक म्हणजे गॅरी किल्डॉल.

त्यांचा जन्म 1942 चा, सिएटलचा. घरची नौकानयन शिकवणारी शाळा होती. पुढे ते कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे नौदलाच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागले. 1974 मध्ये त्यांनी सीपी/एम तयार केली. तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, त्यामुळे एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर चालायचं नाही. किल्डॉल यांनी मशीननुसार बदलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवं मशीन आलं की फक्त तेवढाच तुकडा नव्याने लिहायचा. बायोस हा शब्द पुढे प्रत्येक पीसीत दिसला तो इथूनच. पत्नी डोरोथी यांच्यासोबत त्यांनी डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली आणि ती जोरात चालली.

मग आलं 1980. आयबीएमला पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. त्यांचे लोक भेटायला आले आणि किल्डॉल विमान उडवण्यात दंग होते, म्हणून संधी हुकली, असा किस्सा आजही फिरतो. ऐकायला मस्त, पण अर्धवट. ते विमानाने गेले होते खरे, पण कामासाठी. व्यवहाराची बोलणी डोरोथीच बघायच्या आणि घोडं अडलं ते गोपनीयतेच्या करारावर.

आयबीएमने मायक्रोसॉफ्टला गाठलं. मायक्रोसॉफ्टने सिएटलच्याच एका कंपनीकडून ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेतली. तिची रचना सीपी/एमवर बेतलेली होती. किल्डॉल यांनी आक्षेप घेतल्यावर आयबीएम सीपी/एमही विकायला तयार झाली. पण किंमत? डॉस 40 डॉलर, सीपी/एम 240. ग्राहकाने काय घेतलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

डॉस म्हणजे आपलीच नक्कल, ही सल किल्डॉल यांच्या मनात राहिली. 1991 मध्ये कंपनी नोव्हेलने घेतली. डोक्याला झालेल्या दुखापतीनंतर 11 जुलै 1994 रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं 52.

त्यांच्यानंतर 20 वर्षांनी, 2014 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने एमएस-डॉसच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला आणि काही महिन्यांत सीपी/एमचाही. ज्यांनी दोन्हींचे कोड ताडून पाहिले त्यांना आज्ञांची पद्धत सारखी आढळली, पण कोडच्या ओळी उचलल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे कल्पना घेतली, कोड नाही. किल्डॉल यांना हा निकाल आवडला नसता. पण त्याच फाइल्समध्ये त्यांनी बायोस कसा वेगळा काढला तेही दिसतं आणि विमानाच्या किश्श्यापेक्षा ते कितीतरी भारी आहे.

2022 मध्ये सीपी/एमचे हक्क असलेल्या कंपनीने हा कोड वापरायला, बदलायला आणि वाटायला सगळ्यांना स्पष्ट परवानगी दिली.