१०८ मिनिटांनंतर

१९६१च्या अखेरीस युरी गागारिन भारतभेटीवर आले, तेव्हा मुंबईतही येऊन गेले. पृथ्वीबाहेर जाऊन आलेला पहिला माणूस! आणि लालबाग-परळच्या कामगारवस्तीला या पाहुण्यात आपला माणूस दिसावा, असेच त्यांचे पूर्वायुष्य होते.

स्मोलेन्स्क भागातल्या क्लूशिनो गावच्या सुताराचा हा मुलगा. जन्म ९ मार्च १९३४चा. महायुद्धात जर्मनांनी घर बळकावले, तेव्हा कुटुंब मातीत खणलेल्या खोपटात राहिले. थोरल्या भावंडांना जर्मन सैन्याने वेठीला धरून नेले. युद्धानंतर युरी ओतशाळेत मोल्डरचे काम शिकला. पुढे सारातोवच्या फ्लाइंग क्लबात विमान हाती आले आणि मग त्याला दुसरे काही सुचेना.

१२ एप्रिल १९६१ रोजी व्होस्तोक यानातून त्यांनी पृथ्वीला एक फेरी घातली. सारा प्रवास १०८ मिनिटांचा. आपल्या जपमाळेच्या मण्यांइतका. गंमत अशी, की या वैमानिकाच्या हाती यान नव्हतेच. वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ठिकाणावर राहील की नाही, याची डॉक्टरांना धास्ती. म्हणून सारे काही स्वयंचलित, आणि यान हाताने चालवायचे तर आधी आकड्यांचे कुलूप उघडायचे. आकडा बंद पाकिटात. (तो त्यांना आधीच हळूच सांगून टाकला होता, ही गोष्ट वेगळी!) खिडकीबाहेर काळेभोर आकाश, पृथ्वीच्या कडेला निळी झळाळी. क्षितिजावरचे रंग पाहून त्यांना निकोलस रोरिक यांची चित्रे आठवली. आपल्या कुलू खोऱ्यात अखेरपर्यंत राहिलेले चित्रकार ते हेच.

परतताना मात्र जिवावर बेतले होते. यानाचा मागचा भाग वेळेवर सुटला नाही आणि सुमारे दहा मिनिटे यान गरगरत राहिले. खिडकीबाहेर आगीचा लोळ. शेवटी ठरल्याप्रमाणे सात किलोमीटर उंचीवर ते आसनासह बाहेर फेकले गेले आणि पॅराशूटने शेतात उतरले. यानातून वेगळे उतरणे विक्रमाच्या नियमात बसत नव्हते. सोव्हिएत सरकारने ती गोष्ट कित्येक वर्षे दडवली.

निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी पत्नी वालेंतिनासाठी एक पत्र लिहून ठेवले होते. आपण परतलो नाही तर तिने मुलींना नीट वाढवावे, आणि पुन्हा संसार मांडावासा वाटला तर संकोच करू नये, असा त्याचा आशय. धाकटी मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची होती. पत्र द्यायची वेळ आली नाही.

मग सुरू झाले हारतुरे, दौरे, सत्कार. एवढ्या मोलाच्या माणसाला उडू द्यायला सरकार धजेना. १९६७च्या सोयूझ-१ मोहिमेत ते राखीव अंतराळवीर होते. त्या यानाच्या अपघातात त्यांचे मित्र कोमारोव गेले आणि गागारिन यांना अंतराळाची दारे कायमची बंद झाली. निदान विमान तरी चालवू द्या, हा हट्ट त्यांनी सोडला नाही. अखेर परवानगी मिळाली. २७ मार्च १९६८ रोजी चाचणी वैमानिक व्लादिमिर सेर्योगिन यांच्यासह ते मिग-१५ घेऊन सरावाला निघाले. विमान कोसळले, दोघेही गेले. गागारिन अवघे ३४ वर्षांचे होते. अपघात का झाला, यावर आजही एकमत नाही.

मॉस्कोजवळच्या ज्या केंद्राला नंतर त्यांचे नाव दिले गेले, तिथेच आपले चाचणी वैमानिक राकेश शर्मा यांनी १९८४च्या उड्डाणाची तयारी केली.

सात वर्षे जपून ठेवलेले ते पत्र वालेंतिनाच्या हाती पडले ते १९६८मध्ये. २०२०मध्ये त्यांचे निधन झाले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही.