जन्म अहमदनगरचा, पण नोकरीसाठी ती झाली वेल्सची मेमसाहेब. गोष्ट सयामच्या राजवाड्यातल्या इंग्रजीच्या बाईंची

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी शोधणाऱ्यांना एक गोष्ट फार लवकर कळते. जाहिरातीत पगार लिहिलेला असतो, राहायची सोय लिहिलेली असते आणि खाली बारीक अक्षरात एक अट असते. शिक्षकाची मातृभाषा इंग्रजी हवी, आणि त्यातही तो ठरावीक चारपाच देशांतलाच हवा. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो, पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असला की अर्ज बाजूला पडतो.

ही अट काही इंटरनेटच्या जमान्यात जन्माला आलेली नाही. १८६२ साली सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजवाड्यात इंग्रजी शिकवायला एक बाई गेल्या, त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी त्यावर उत्तर काढलं. थेट आपलं जन्मगावच बदलून टाकलं.

या बाईंवर पुढे गाजलेली कादंबरी आली, ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं, हॉलिवूडने तीन मोठे सिनेमे काढले. नाव ॲना लिओनोवेन्स. आणि त्यांनी लपवलेलं गाव होतं अहमदनगर, आजचं अहिल्यानगर.

आधी नोकरी काय होती ते बघू.

तेव्हा सयामच्या गादीवर राजा मोंगकुट होता. गादीवर येण्याआधी हा माणूस तब्बल २७ वर्षं बौद्ध भिक्खू होता. पाली त्याला येत होतीच, शिवाय मिशनऱ्यांकडून तो लॅटिन आणि इंग्रजी शिकला होता. खगोलशास्त्राचा नाद होता. आजूबाजूला काय चाललंय हे त्याला नीट दिसत होतं. पश्चिमेला ब्रह्मदेशाचे लचके इंग्रज तोडत होते, पूर्वेला फ्रेंच घुसले होते. १८५५ साली त्याने इंग्रजांशी व्यापाराचा करार केला तो याच धोरणातून. या लोकांशी बोलायचं तर त्यांची भाषा आपल्या पोरांना आलीच पाहिजे, हे त्याने ओळखलं होतं.

याआधी एक प्रयोग झाला होता. १८५१ च्या सुमारास अमेरिकन मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवायला येत होत्या. पण इंग्रजीच्या तासाला हळूच बायबल निघायचं आणि तो प्रयोग बंद पडला. त्यामुळे या वेळी राजाची अट स्पष्ट होती. इंग्रजी शिकवा, विज्ञान शिकवा, साहित्य शिकवा, धर्मांतराच्या भानगडीत पडू नका. पगार महिना १०० डॉलर, राहायला घर. विद्यार्थी म्हणजे राजाच्या राण्या आणि मुलं. मुलांची संख्या पुढे ८२ वर गेली, यावरून वर्गाचा अंदाज यावा.

शिक्षिका शोधायचं काम गेलं सिंगापूरला. तिथे तान किम चिंग नावाचा बडा चिनी व्यापारी सयामचा वकील म्हणून काम बघायचा. त्याने चौकशी केली, तेव्हा सिंगापुरातल्या इंग्रज मंडळींनी एक नाव सुचवलं. एक विधवा बाई आहेत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी छोटी शाळा चालवतात, घरंदाज आहेत.

घरंदाज म्हणजे काय, तर ॲनाबाई स्वतःबद्दल सांगायच्या ते असं. जन्म १८३४ सालचा, वेल्समधल्या कार्नार्व्हनचा. वडील कॅप्टन, शिखांविरुद्धच्या लढाईत पडले. शिक्षण विलायतेत, पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आगमन. नवरा लष्करात मेजर, वाघाच्या शिकारीला गेला आणि ऊन लागून वारला. घरचा पैसा होता तो १८५७ च्या गडबडीत बँक बुडाली तिच्याबरोबर गेला. म्हणून ही वेळ आली.

ऐकणाऱ्याला पटावी अशी गोष्ट होती. फक्त त्यातलं जवळपास काहीच खरं नव्हतं.

खरी ॲना जन्मली २६ नोव्हेंबर १८३१ रोजी अहमदनगरला. वडील थॉमस एडवर्ड्स मूळचे सुतारकाम करणारे, मुंबईच्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीत सार्जंट. लेकीचा जन्म व्हायच्या तीन महिने आधीच ते वारले. आई मेरी ॲन ग्लासकॉट, तिचं लग्न ठाण्याला झालं होतं. आईचे वडील कंपनीच्या फौजेत अधिकारी. आईच्या आईचं नाव मात्र कागदोपत्री कुठेच नाही. अभ्यासकांच्या मते ही आजी हिंदुस्थानी किंवा मिश्र वंशाची असावी, कारण त्या काळात नाव न लिहिण्याचं तेच कारण असायचं.

म्हणजे ॲना वाढली ती छावणीत. सावत्र बाप आयरिश शिपाईगडी. घर कधी डीसाला, कधी एडनला, कधी पुण्याला. बंगल्यातल्या साहेबांच्या मुली वेगळ्या आणि बराकीतल्या सार्जंटच्या मुली वेगळ्या. त्यात आजोळचं रक्त मिश्र. विलायत तिने पाहिलेलीही नव्हती. तिचं इंग्रजी अस्सल होतं, पण ते मुंबई इलाख्यात शिकलेलं होतं.

१८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. नवरा थॉमस लिऑन ओवेन्स, मेजर वगैरे नाही, साधा कारकून. त्याच्याच नावाचे दोन तुकडे जोडून लिओनोवेन्स हे भारदस्त आडनाव तयार झालं. पहिली मुलगी दीड वर्षाचीही झाली नाही तोच गेली. नशीब काढायला दोघं ऑस्ट्रेलियाला निघाली, जहाजावर मुलगा झाला, तोही १३ महिन्यांचा असताना गेला. पर्थमध्ये ॲनाने मुलींची शाळा काढून पाहिली. एव्हिस आणि लुई ही दोन मुलं ऑस्ट्रेलियात झाली आणि जगली. मग १८५७ मध्ये पेनांग. तिथे थॉमसला हॉटेल सांभाळायचं काम मिळालं आणि १८५९ च्या मे महिन्यात तो अचानक वारला. वय ३१. वाघ नाही, शिकार नाही.

२७ वर्षांची विधवा, पदरात दोन लेकरं, गाठीला पैसा नाही.

आता इथे तिच्यापुढे काय रस्ते होते? मुंबई-पुण्याकडे परत जायचं, आईच्या आणि सावत्र बापाच्या आश्रयाला राहायचं, आणि छावणीतल्याच एखाद्या शिपायाशी दुसरं लग्न करायचं. बहुतेक जणींनी तेच केलं असतं. ॲना सिंगापूरला गेली. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. म्हणूनच तिथे मेजरची विधवा होता आलं.

हे नुसतं मिरवण्यासाठी नव्हतं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपली मुलं सार्जंटच्या मिश्र रक्ताच्या मुलीकडे शिकायला पाठवली नसती. शिकवणं तेच, व्याकरण तेच, उच्चार तेच. पण गाव कार्नार्व्हन असेल तर बाई घरंदाज आणि गाव अहमदनगर असेल तर बाई दाराबाहेर. शाळा तरीही फारशी चालली नाही. पण त्या शाळेने मिळवून दिलेली इभ्रत बँकॉकच्या नोकरीला पुरली.

१८६२ च्या मार्चमध्ये ॲना बँकॉकला उतरली. लेक एव्हिसला इंग्लंडला शाळेत धाडलं होतं, सोबत होता पाच-सहा वर्षांचा लुई.

परदेशी नोकरीचे रडगाणे तेव्हाही आजच्यासारखेच होते. कबूल केलेलं घर वेळेवर मिळेना. पहिले काही महिने तिला सयामच्या मुख्य प्रधानाच्या वाड्यात काढावे लागले. राजवाड्याच्या आत राहायला तिने साफ नकार दिला, बाहेरच घर हवं म्हणून हट्ट धरला आणि अखेर ते मिळवलं. पगारवाढीवरूनही राजाशी तिची खटपट चालायची. राजा हिशेबाला पक्का, बाई बोलण्याला पक्की.

शाळा भरायची ती राजवाड्याच्या आतल्या भागात, जिथे हजारो स्त्रिया राहायच्या आणि राजाखेरीज कोणा प्रौढ पुरुषाला वावरायची मुभा नव्हती. विद्यार्थ्यांमध्ये एक होता आठ वर्षांचा राजपुत्र चुलालोंगकोर्न. हा पुढे सयामचा सगळ्यात नावाजलेला राजा झाला.

हळूहळू कामही वाढलं. राजाचा परदेशी पत्रव्यवहार मोठा. ॲना त्याच्या इंग्रजी पत्रांमध्ये मदत करू लागली आणि अवेळी बोलावणं येऊ लागलं. इथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. सिनेमे बघून वाटतं की राजाला इंग्रजी ॲनानेच शिकवलं. तसं नाही. ती येण्याच्या वर्षभर आधी, १८६१ मध्ये, या गड्याने अमेरिकेच्या अध्यक्षांना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहून हत्ती पाठवायची तयारी दाखवली होती. उत्तर लिहायची पाळी आली अब्राहम लिंकनवर. त्यांनी आभार मानून, आमच्याकडे वाफेवर भागतं अशा अर्थाचा निरोप दिला.

ॲना तिथे पाच वर्षांहून जास्त टिकली. १८६७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने रजेवर निघाली. परत यायचा विचार होता, नव्या अटींची बोलणी चालू होती. तेवढ्यात राजाच गेला. १८६८ च्या ऑगस्टमध्ये मोंगकुट दक्षिणेला वा को इथे खग्रास सूर्यग्रहण बघायला गेला. ग्रहणाचं गणित त्याने स्वतः मांडलं होतं आणि ते बरोबर आलं. पण तिथल्या दलदलीत हिवताप जडला आणि १ ऑक्टोबरला त्याचा अंत झाला. १५ वर्षांच्या चुलालोंगकोर्नने आपल्या बाईंना प्रेमाचं पत्र लिहिलं. नोकरीवर परत बोलावलं मात्र नाही.

मग ॲना अमेरिकेला गेली आणि लेखणीवर जगू लागली. १८७० मध्ये सयामच्या दरबारातल्या अनुभवांचं पुस्तक आलं, त्यानंतर जनानखान्यावरचं दुसरं. पहिल्या पुस्तकाच्या नावातच तिने स्वतःला इंग्लिश गव्हर्नेस म्हणवून घेतलं. सयामी लोकांच्या दृष्टीने ती नुसती भाषा शिकवणारी बाई होती. पुस्तकं खपली आणि खपण्यासाठी तिखटमीठही भरपूर लागलं. राजा क्रूर, तळघरात कैदी कोंडलेले, प्रेम केलं म्हणून एका तरुणीला भर चौकात जाळलेलं. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे तळघर खणलं तर त्यात पाणीच भरेल, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिलं. त्या जाळण्यालाही कसलाच पुरावा नाही. थायलंडचा राग आहे तो याच गोष्टींवर. १९५६ च्या आणि १९९९ च्या, दोन्ही सिनेमांवर तिथे बंदी आली. ज्याने पगार दिला, त्या माणसाची जगभरात झालेली ही बदनामी ॲनाच्या खात्यावर जातेच. स्वतःचं गाव लपवणं आणि दुसऱ्याच्या देशाबद्दल काहीही छापणं यात फरक आहे.

१८८४ मध्ये तिने हिंदुस्थानवरही पुस्तक लिहिलं. त्यात मुंबई आहे, पुणे आहे. पण सगळं विलायतेहून नुकत्याच उतरलेल्या पाहुणीच्या नजरेने. ज्या पुण्यात लग्न झालं, तिथे ती कागदावर प्रवासी म्हणून फिरते.

तोवर लेकीचं लग्न कॅनडातल्या बँकेच्या अधिकाऱ्याशी झालं होतं. ॲना हॅलिफॅक्सला राहायला गेली, १८८७ मध्ये तिथलं कलाविद्यालय उभं करण्यात पुढाकार घेतला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटली. त्या कलाविद्यालयाच्या कलादालनाला आजही तिचं नाव आहे. लुई सयामला परतला, राजाच्या घोडदळात अधिकारी झाला आणि पुढे सागवानाच्या धंद्यात नाव काढलं. १८९७ मध्ये चुलालोंगकोर्न युरोपच्या दौऱ्यावर आला, तेव्हा लंडनमध्ये गुरू-शिष्यांची भेटही झाली. १९ जानेवारी १९१५ रोजी मॉन्ट्रियलला ॲना वारली. वय ८३.

खोटं तिच्यानंतरही साठेक वर्षं टिकलं. मार्गारेट लँडन यांच्या १९४४ च्या कादंबरीत कार्नार्व्हनच आहे आणि सिनेमांनी तेच उचललं. भांडं फोडलं ते ब्रिस्टो नावाच्या एका इंग्रजाने. हा गृहस्थ खरा कोळ्यांचा, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांचा तज्ज्ञ. लुईचं चरित्र लिहिताना त्याला मायलेकांच्या जन्माचे दाखले सांगितल्या जागी सापडेनात. १९७६ मध्ये ते चरित्र आलं आणि वेल्सची गोष्ट कोसळली. नंतरच्या अभ्यासकांनी कंपनी सरकारची दप्तरं चाळली, तेव्हा अहमदनगर, ठाणे आणि पुणे एकेक करून वर आले.

हे सगळं टिकवायला तिने काय दिलं, तेही त्या दप्तरांमध्ये दिसतं. हिंदुस्थानातल्या माणसांशी तिने संबंध तोडले. सख्खी बहीण एलायझा इकडेच राहिली, तिचंही लग्न छावणीतल्याच एका सार्जंट-मेजरशी झालं होतं. या एलायझाच्या मुलीचा मुलगा विल्यम प्रॅट. १९०९ मध्ये तो नशीब काढायला कॅनडाला गेला, नाटक कंपनीत शिरला आणि त्यानेही नाव बदललं. १९३१ च्या फ्रँकेन्स्टाईन सिनेमातला राक्षस ज्याने केला, तो बोरिस कार्लोफ म्हणजे हाच. तो कॅनडात उतरला, तेव्हा त्याच्या आजीची सख्खी बहीण त्याच देशात, मॉन्ट्रियलमध्ये राहत होती. कार्नार्व्हनची ॲना म्हणून.