संकेतभेदक ॲलन ट्यूरिंग

इ. स. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धाचा वणवा युरोपभर पसरला होता. इंग्लंड हे समुद्राने वेढलेले राष्ट्र. त्याचे धान्य, तेल व शस्त्रे जहाजांनी येत आणि ती जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवीत. पाणबुड्यांना बिनतारी यंत्राने दिलेल्या आज्ञा इंग्रजांना ऐकू येत. परंतु त्यांचा अर्थ लागत नसे. कारण ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्राने संदेशातील प्रत्येक अक्षर पालटलेले असे. जर्मन भूदलाच्या यंत्राची मांडणी करण्याचे प्रकारच इतके होते, की ते लिहिण्यास १५९ पुढे अठरा शून्ये द्यावी लागत. आरमाराचे यंत्र त्याहूनही बिकट होते. शिवाय ही मांडणी रोज बदले.

हे कोडे सोडविणाऱ्यांत ॲलन ट्यूरिंग हा तरुण गणिती अग्रगण्य होता. त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील हिंदुस्थानात मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी असल्यामुळे त्याचे बालपण बहुतेक परक्यांच्या घरी गेले. पुढे केंब्रिज येथे असता १९३६ मध्ये त्याने एक अपूर्व कल्पना मांडली. निरनिराळ्या सूचना दिल्या असता एकच यंत्र हरतऱ्हेची गणिते करू शकेल, अशी ती कल्पना होती. आजचा संगणक याच पायावर उभा आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये ट्यूरिंग ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात दाखल झाला. पोलंडच्या गणितज्ञांनी एनिग्माचे रहस्य पूर्वीच उकलून ते इंग्रजांना सांगितले होते. त्या ज्ञानाच्या आधारे त्याने एका नव्या शोधक यंत्राची रचना केली. एनिग्मात एक उणीव होती. कोणतेही अक्षर पालटून पुन्हा तेच अक्षर होत नसे. सकाळच्या संदेशात हवामानाविषयीचे शब्द असणार, असा तर्क करून ते शब्द संदेशाखाली लिहीत. एखादे अक्षर स्वतःच्याच खाली आले, की ती जागा चुकीची ठरे. उरलेल्या जागांवरून ट्यूरिंगचे यंत्र चाके फिरवून योग्य मांडणी शोधी. १९४१ पासून पाणबुड्यांचे ठाव कळू लागले आणि जहाजे दुसऱ्या वाटेने नेता येऊ लागली.

जर्मन सेनाधिकाऱ्यांची दुसरी एक लिपी याहूनही कठीण होती. तिच्यासाठी टपाल खात्यातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स याने सुमारे दीड हजार निर्वात नळ्यांचे ‘कोलोसस’ हे यंत्र बांधले. १९४४ मध्ये ते कामास लागले. जगातील आरंभीच्या विद्युत्‌ संगणकांत त्याची गणना होते.

युद्ध संपले, परंतु गुप्ततेची शपथ कायम राहिली. ट्यूरिंगने आपला पराक्रम कोणास सांगितला नाही. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडात गुन्हा मानला जाई. त्यासाठी १९५२ मध्ये न्यायालयाने त्याला शिक्षा केली. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी तो मरण पावला.

त्याचे युद्धकार्य जगाला १९७० नंतर कळले. २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर क्षमा केली आणि २०२१ मध्ये त्याचे चित्र पन्नास पौंडांच्या नोटेवर आले. मात्र सुखरूप घरी परतलेल्या कित्येक खलाशांना आपला रक्षणकर्ता कोण, हे अखेरपर्यंत ठाऊक झाले नाही.