नेमके टेकावे कोठे? : सर जोसेफ व्हिटवर्थ

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून भिंतीवर एखादी रायफल अजून टांगलेली दिसते. 1972 च्या कायद्याने शिकारीचे दिवस संपले. पण त्या दिवसांतली एक तक्रार वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकली असेल. उन्हाळ्यात सरळ मारणारी रायफल पावसाळ्यात डावी-उजवीकडे मारू लागे. दोष नेमबाजाचा नसे, काडतुसाचाही नसे. दमट हवेने दस्त्याचे लाकूड फुगे आणि नळीला एका बाजूने रेटू लागे.

गोळी सुटताना नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. प्रत्येक वेळी ती सारखीच थरथरली, तर गोळ्याही जवळजवळ पडतात. लाकूड मध्येच कोठे टेकले की ते थरथरणे बदलते. दोन-चार बारांनी नळी तापली की पुन्हा बदलते. म्हणून कुशल कारागीर रायफलीचा मागचा भाग, जेथे काडतूस बसते, तो दस्त्यात पक्का बसवतो. पुढची नळी मात्र एक तर अगदी मोकळी ठेवतो, नाही तर ठरलेल्या जागीच टेकवतो. ही बैठक साधण्याची जुनी रीत दिसायला सोपी आहे. लोखंडाला काजळी फासायची, ते लाकडात दाबून उचलायचे आणि काळा डाग उमटेल तेवढेच खरवडायचे. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत हेच चालू.

डाग पाहून खरवडण्याची हीच रीत लोखंडाच्या कामात ज्याने शास्त्राच्या पायरीला नेली, तो इंग्लंडचा यंत्रकार सर जोसेफ व्हिटवर्थ.

21 डिसेंबर 1803 रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी एका शिक्षकाच्या घरी त्याचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी तो एका आप्ताच्या सूतगिरणीत उमेदवारीला लागला. पण सुतापेक्षा यंत्रातच त्याचा जीव रमे. गिरणी सोडून तो मँचेस्टरच्या कारखान्यांत राबला आणि 1825 साली लंडनला हेन्री मॉडस्ले या नामांकित यंत्रकाराकडे कामाला राहिला.

त्या काळी लोखंडाचे सपाट पाट एकमेकांवर घासून करीत. त्यात एक पाट फुगीर आणि दुसरा खोलगट झाला, तरी दोघे परस्परांना बिनचूक जुळतात आणि सपाट झाल्याचा भ्रम होतो. व्हिटवर्थने तीन पाट घेतले. रंग लावून प्रत्येक पाट उरलेल्या दोघांशी ताडायचा आणि उंचवटा दिसेल तेथे खरवडायचा. तिघेही आपसांत जुळले म्हणजे ते सपाटच असले पाहिजेत. 1833 साली मँचेस्टरला त्याने स्वतःचा कारखाना काढला, तो या खरेपणाच्या बळावर. 1841 साली त्याने स्क्रूच्या आट्यांचे एकच माप सुचविले. आपल्या घरातल्या नळाच्या आट्यांचा 55 अंशांचा कोन त्याचाच. इंचाचा दहा लाखावा भाग ओळखणारे यंत्रही त्याने बनविले.

1854 साली क्रिमियाच्या युद्धात सरकारने त्याला रायफली बनविण्याची यंत्रे मागितली. उत्तम नळी कशी असते हेच कोणाला ठाऊक नाही, तर यंत्रे कशाची करायची, असा त्याचा मुद्दा होता. त्याच्या बागेत 500 यार्ड लांबीची बंदिस्त शाळा उभी राहिली. पहिली वादळात कोसळली, ती पुन्हा बांधली. वाटेवर पातळ कागदाचे पडदे लावून तो गोळीचा मार्ग पाही. अखेर त्याने 0.451 इंचाची, आतून षट्कोनी नळी ठरविली; तिचा पीळ 20 इंचांत एक फेरा.

काडतुसांमुळे आपल्या इतिहासात शिरलेली एनफिल्ड रायफल 0.577 इंचांची होती. तिचा पीळ 78 इंचांत एक फेरा. त्याच 1857 साली हाइथ येथे दोघींची परीक्षा झाली. 500 यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्यांची सरासरी चूक सुमारे 27 इंच भरली. व्हिटवर्थची अवघी साडेचार. 2 जुलै 1860 रोजी विंबल्डनला राणी व्हिक्टोरियाने पहिला बार काढला, तो याच रायफलीचा. रायफल लोखंडी बैठकीवर बसवलेली. राणीने केवळ दोरी ओढली. 400 यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. माणसाचा हात व खांदा बाजूला ठेवला, तर नळी स्वतः किती खरी आहे, हे सर्वांनी पाहिले.

तरीही सैन्याने ती सरसकट स्वीकारली नाही. नळी बारीक, दारूच्या मळीने लवकर भरणारी, आणि किंमत एनफिल्डच्या कितीतरी पट. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी मात्र ती वापरली. परीक्षेत जिंकून बाजारात हरण्याचे हे शल्य लहान नव्हते. तथापि त्याने कारागिरांच्या मुलांसाठी हात आखडला नाही. 1868 साली त्याने यंत्रशिक्षणाला वर्षाला 100 पौंडांच्या 30 शिष्यवृत्त्या देऊ केल्या.

22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लो येथे त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने 0.303 इंचाची ली-मेटफर्ड रायफल घेतली. बारीक नळी आणि जलद पीळ, हेच तिचे सूत्र. त्याच्या संपत्तीतून उभी राहिलेली मँचेस्टरची चित्रशाळा आजही त्याचे नाव सांगते.

दस्त्याची बैठक हा त्याच्या संशोधनाचा विषय नव्हता. पण काजळीचा डाग पाहून हळूच लाकूड खरवडणारा कारागीर, नकळत का होईना, त्याच्याच पंथातला. वस्तू जुळल्या असे दिसणे वेगळे आणि खरोखर जुळणे वेगळे, एवढे एकच सत्य व्हिटवर्थने जन्मभर लोखंडाकडून वदवून घेतले.